उन्हाची डबी

ते साल एकोणीसशे एकसष्ट. सालाबद्दल माझी चूक होणं शक्य नाही. नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी ताईने घड्याळाच्या एका कोऱ्या तबकडीवर इंग्रजी आकड्यांत ते साल काढलं, तबकडी फिरवून खालची बाजू वर केली आणि माझ्यापुढे धरली. डोकं खाली पाय वर करूनही साल तेच राहिलं होतं.

"बघ, शेपूट," ती म्हणाली, "यंदा जग उलटंपालटं झालं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

शेपूट म्हणजे मी. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि चालायला लागल्यापासून मी तिच्या मागे, म्हणून हे नाव. पुढे मात्र असे दिवस आले की शेपूट पुढे चालायची आणि ताई मागे घरातच राहायची. त्याचीच ही गोष्ट.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर आमच्या खोल्या, मधे एक चिंचोळा लाकडी जिना. दुकानातल्या घड्याळांचं आपसात कधी पटलं नाही. दुरुस्त झालेली बरोबर चालायची, बाकीची आपापल्या मर्जीने. बाराचे ठोके सुरू झाले की ते संपता संपत नसत. आई म्हणायची, "या घरात बारा एकदाच वाजतील तर शपथ. इथे सगळ्यांचे बारा वाजल्याशिवाय जेवायला मिळत नाही."

तबकड्यांवरचे पुसट झालेले आकडे पुन्हा काढायचं काम ताईचं. दोन-चार केसांच्या कुंचल्याने ती इतकी बारीक रेघ ओढायची की बाबा भिंग लावून बघायचे आणि काही न बोलता मान हलवायचे. बाबांनी मान हलवली म्हणजे दुसऱ्याने टाळ्या वाजवल्यासारखं होतं.

ताई विशीत असताना तिला उन्हाचं वावडं झालं. आधी गालांवर लाल चट्टे उठले, मग सांधे धरले, मग ताप. ऊन लागलं की दुखणं उसळायचं. बरेच दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "कडक ऊन टाळायचं. कोवळं चालेल." आई लगेच म्हणाली, "कोवळं म्हणजे किती कोवळं? भेंडी मोडून बघता येते, ऊन कसं मोडून बघू?"

तो प्रश्न बाबांच्या डोक्यात घर करून बसला. त्यांच्याकडे एका फुटलेल्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पडून होता. त्यातला सेल म्हणजे बोटाच्या पेराएवढी पातळ, करडी पट्टी. तिच्यावर उजेड पडला की तिच्यात आपोआप चिमूटभर वीज तयार होते आणि त्या विजेने सुई हलते. बॅटरी नको, किल्ली नको. बाबांनी तो सेल खिशातल्या एका जुन्या घड्याळाच्या पोकळ डबीत बसवला, वर काच लावली, आणि जिथे आकडे असायचे तिथे तीन पट्टे आखले. ते रंगवले ताईनेच. हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात सुई असेल तर बेलाशक बाहेर पडावं. पिवळ्यात छत्री घेऊन, सावलीसावलीने. लाल म्हणजे घरात बसावं. बाबांनी कित्येक दिवस, कित्येक वेळा, ताईला थोडं थोडं बाहेर नेऊन, तिच्या त्वचेकडे बघून ते पट्टे पक्के केले होते.

त्या डबीने आमच्या घराचा ताबा घेतला. रोज सकाळी मी ती घेऊन दुकानापुढच्या फरशीवर जायची, हात सरळ पुढे धरायचा, डबीचं तोंड आकाशाकडे, सुई थरथरायची थांबेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही, आणि मग जिन्याखालून ओरडायचं, "पिवळी!" त्यावर ताईचा दिवस ठरायचा. शेजारपाजारचे लोकही मला विचारायला लागले होते, "काय गं, आज वाळत घालू का कपडे?"

तीन वर्षांत ताई पुष्कळ सुधारली. ताप गेला, सांधे सुटले. गालांवर मात्र चट्ट्यांच्या जागी काळसर डाग राहिले, नाकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू बाहेर पडू दे तिला. अंगभर कपडे, छत्री, औषध वेळेवर. बाकी काळजी नको." आम्हाला वाटलं, सुटलो. आणि नेमकी तेव्हापासून सुई लालमध्ये जायला लागली. आधी दुपारी, मग सकाळी उशिरा, मग अगदी उजाडल्यावर थोड्याच वेळात. मी रोज हात धरून उभी राहायची आणि सुई तरातरा पिवळा पट्टा ओलांडून जायची.

"यंदा ऊनच जास्त आहे," आई म्हणायची.

बाबांच्या मनात मात्र काहीतरी कुरतडत होतं. हातातलं काम ठेवून ते दारात यायचे, डोळे बारीक करून आकाशाकडे बघायचे आणि परत जाऊन बसायचे. एकदा मला म्हणाले, "सेल म्हातारा होतो तसा मंदावतो. माणसासारखाच. हा दिवसेंदिवस तरुण कसा होतोय?"

"उघडून बघा ना," मी म्हटलं.

"चालतं घड्याळ उगाच उघडू नये. विनाकारण उघडलं की तेव्हापासून आजारी पडतं." हा बाबांचा नियम होता, आणि आमच्या घरात तो वेदवाक्य होता. सुई आहे म्हणजे खरं आहे. जिथे घड्याळ सांगेल तेव्हा भूक लागते, तिथे सुईवर संशय कोण घेणार?

अशात फोटोवाल्या बाई आमच्या आयुष्यात शिरल्या. आमच्या दुकानासमोर मोठा फरसबंदीचा चौक होता. एक झाड नाही, एक आडोसा नाही, सगळा तळहातासारखा उघडा. त्याच्या पलीकडच्या बाजूला त्यांचा स्टुडिओ. बाई अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. रसायनांनी बोटं तपकिरी झालेली. आणि खांद्यावर कायम ते काळं जाड कापड, जे कॅमेऱ्यावर आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्या फोटो काढायच्या. दुसऱ्या बायका रुमाल विसरत नाहीत तशा बाई ते कापड विसरत नसत.

त्या आपलं दुरुस्तीला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ न्यायला आल्या होत्या. तबकडी बघून थांबल्या. "हे आकडे कुणी काढले?"

"थोरलीने," बाबा म्हणाले.

"बोलवा तिला."

"ती तुम्हाला वरच भेटेल. ऊन आहे."

बाई धाडधाड जिना चढून वर आल्या. ताईला वरपासून खालपर्यंत बघितलं, गालांवर नजर क्षणभर थांबवली, आणि पिशवीतून एक काचेची निगेटिव्ह काढून तिच्या हातात दिली. "या बाईच्या हनुवटीवर फोड आहे. पेन्सिलीने घालवून दाखव. माझा म्हातारा रीटच करणारा आता निगेटिव्ह उलटी धरतो. डोळे गेले बिचाऱ्याचे."

ताई उत्तरेच्या खिडकीशी बसली. काचेवर टोकदार पेन्सिलीचे इतके हलके ठिपके दिले की ती काच हातात घेऊन श्वास सोडतेय असं वाटावं. बाईंनी काच उजेडाकडे धरली. फोड शोधला, सापडला नाही. मग म्हणाल्या, "पोरी, तू आजवर कुठे लपून बसली होतीस?"

"घरातच," आई म्हणाली.

बोलणं असं ठरलं: येत्या सोमवारपासून शाळांचे वार्षिक फोटो सुरू होणार, काचांचा ढीग लागणार. ताईने स्टुडिओत येऊन काम करायचं. काचा रोज चौकातून नेणं-आणणं शक्य नाही, एक पाय घसरला की अख्खा वर्ग फुटायचा. "आणि तुला उन्हाचं काय असेल ते असो," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे दिवसभर अंधारच अंधार. डार्करूम आहे ती. सूर्य दाराबाहेर चपला काढून उभा असतो. फक्त येताना-जाताना चौक ओलांडायचा. सोमवारी सकाळी आलीस तर जागा तुझी. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल, माझा इलाज नाही."

बाई गेल्यावर ताई खोलीभर फिरत राहिली. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती, आणि इतकी अस्वस्थही. खुर्चीवर बसायची, उठायची, खिडकीशी जायची, चौकाकडे बघायची, मागे फिरायची.

"जाशील ना, ताई?"

"जाईन की. डबी हिरवी दाखवू दे, मग जाईन."

पण डबी हिरवी दाखवेना.

तो आठवडा मला आजही पायांत आठवतो. जिना उतर, फरशीवर उभी राहा, बघ, चढ. "लाल." "जा, परत बघ." उतर, बघ, चढ. "लालच आहे गं." "ढग आला वाटतं, बघून ये." ढगाखालीसुद्धा सुई पिवळ्यात. आई ओरडायची, "अगं, जिना झिजेल!" मग स्वतःच हळूच विचारायची, "काय म्हणते?" बाबा एका दिवसात एकच घड्याळ तीनदा जुळवून ठेवत होते.  जेवताना सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मग डबीकडे, जणू पाहुणी येऊन बसली आहे आणि तिच्यासमोर घरचं बोलता येत नाही.

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, सकाळी छत्री घेऊन चौक ओलांडायला काय होतंय तिला?" ताई म्हणाली, "डॉक्टरांना डबीतलं काय कळतं?" हे ती इतकं तोडून बोलली की आई तिच्याकडे बघतच राहिली.

शनिवारी बाई पुन्हा आल्या. त्यांच्या प्रकाशमापकाची काच सैल झाली होती. बाबा काच बसवत होते, मी नेहमीप्रमाणे बाहेरून आत आले आणि जिन्याखालून ओरडले, "लाल!"

"काय लाल?" बाईंनी विचारलं. मी त्यांना डबी दाखवली, पट्टे समजावून सांगितले. त्यांनी आपला प्रकाशमापक एका हातात, डबी दुसऱ्या हातात घेतली आणि सरळ बाहेर फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही आकाशाकडे धरले. मग दोन्ही सावलीत. मग दाराच्या आत. प्रत्येक वेळी त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली.

"घड्याळजी, माझी सुई उतरते तशी तुमची उतरत नाही."

"सेल वेगळा आहे," बाबा म्हणाले. आवाजात ताठा होता. घड्याळजीला त्याच्या सुईबद्दल असं बोलणं म्हणजे कुणाच्या पोराला चोर म्हणण्यासारखं.

बाईंनी ऐकलं न ऐकलं केलं. खांद्यावरचं काळं कापड दोन्ही हातांनी उडवून डोक्यावर घेतलं, डबी आत नेली, आणि एका बारीक फटीतून येईल तेवढ्या तिरिपीत सुईचं टोक बघितलं. दुकानात मधोमध ते काळं बोचकं उभं होतं. मला हसू येत होतं, पण कुणी हसलं नाही. मग कापडातून आवाज आला, "चांगली आहे हो तुमची डबी. हिच्यात काळोखातही ऊन पडतं."

बाबा उठले. त्यांनी कापड बाजूला केलं, स्वतः डबी तळहातांत गच्च झाकली, अंगठ्याशी फट ठेवून आत डोळा लावला. अंधारात सुई शून्यावर यायला हवी होती. ती पिवळ्याच्या उंबरठ्यावर उभी होती.

मग बाबांनी नियम मोडला. टेबलाशी बसून डबी उघडली. काचेच्या कडेखाली एक मोहरीएवढा स्क्रू असतो, त्याने सुईचं शून्य जुळवतात. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. स्क्रूच्या खाचेत ताजा ओरखडा होता. मग भिंतीकडे बघितलं, जिथे त्यांचे पेचकस मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने टांगलेले असत.

"सगळ्यात बारीक पेचकस कुणी घेतला होता? मी परवापासून बघतोय, तो उलटा टांगलाय."

आई आणि ताई जिन्यातून खाली आल्या होत्या. बाबांची नजर माझ्यावर आली. डबी दिवसभर माझ्याच हातात असायची, कुणालाही माझाच संशय आला असता.

"शेपूट?"

"मी नाही हो, बाबा! तुमची शपथ!"

"माझ्याकडे बघू नका," आई म्हणाली. "मी त्या टेबलाला फडकंसुद्धा लावत नाही. एकदा लावलं तर तुम्ही आठवडाभर एक दातेरी चाक शोधत होतात."

"तिला नका विचारू," ताई म्हणाली. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, कठडा धरून. "मी फिरवला."

घड्याळं वाजत राहिली. बाई निघायला लागल्या, तसा ताईनेच हात केला. "थांबा, बाई. तुम्हाला पण कळू दे. नाहीतरी तुमचाच आठवडा वाया घालवला मी."

"अगं, पण का?" आई म्हणाली. "आम्ही इथे जीव मुठीत धरून बसलोय, सकाळ-संध्याकाळ त्या डबड्यापुढे हात जोडतोय, आणि तू..."

"डबी नको म्हणाली की मला म्हणावं लागत नाही, आई." ताईचा आवाज शांत होता, हात मात्र कठड्यावर वरखाली होत होता. "औषधाच्या दुकानात गेले होते ना, डॉक्टरांनी बाहेर पड म्हटल्यावर? रांगेत एक लहान मूल माझ्याकडे बघून आईच्या मागे लपलं. ती त्याला म्हणाली, 'बघू नकोस तिकडे.' माझ्यादेखत. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी शेपूट ओरडली, 'हिरवी!' त्या रात्री बाबांचा बारीक पेचकस काढला. मग मी थोडासा फिरवला. थोडासाच. तेवढाच दिवस टळला. मग पुन्हा थोडा."

"म्हणजे उन्हाला घाबरत नाहीस तू," बाबा हळूच म्हणाले.

"उन्हात सगळं दिसतं, बाबा."

आईचं तोंड उघडं होतं, ते मिटलं. ती काहीतरी लागेल असं बोलणार होती, हे मला माहीत आहे, कारण तिने पदर मुठीत धरला होता. पण ती ताईच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली एवढंच.

बाई म्हणाल्या, "लोक माझ्याकडे येतात ते कशाला? त्यांच्या हनुवटीवरचे फोड घालवायला. सगळ्यांनाच लपवायचं असतं पोरी, तू एकटी नाहीस. सोमवारी येतेस की नाही तेवढं सांग."

ताईने मान हलवली. हो की नाही, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

बाबांनी डबी झाकून सुई शून्यावर आणली. मग लाखेचा एक बारीक लाल थेंब त्या स्क्रूवर सोडला. घड्याळजी जुळवलेला स्क्रू असा पक्का करतात, म्हणजे कुणी फिरवला तर लाख तडकते आणि लगेच कळतं. डबी बंद करून त्यांनी ताईच्या हातात ठेवली. "आता ही खरं बोलेल. पुढचं तुझं तू बघ."

रविवारी घरात एकही पाऊल धड पडलं नाही. ताईने कपाट आवरलं, विस्कटलं, पुन्हा आवरलं. पेन्सिलींना टोकं काढली, इतकी की निम्म्या पेन्सिली संपल्या. मी विचारलं, "डबी बघून येऊ?" तर म्हणाली, "नको. उद्या."

सोमवारी उजाडताच मी फरशीवर होते. आकाश स्वच्छ, चौकात लोकांची ये-जा सुरू झालेली. हात पुढे केला. सुई थरथरली आणि हिरव्याच्या मधोमध थांबली. कित्येक दिवसांत मी तो रंग पाहिला नव्हता. धावत आत गेले, पण ओरडण्याचा धीर झाला नाही. वर जाऊन हळूच म्हटलं, "हिरवी आहे."

ताई तयार होती. लांब बाह्यांचे कपडे, हातात छत्री, पेन्सिलींचा बटवा कमरेला. ती जिना उतरली, दुकानातून चालत दारापर्यंत आली, आणि उंबरठ्यावर थांबली. समोर अख्खा चौक. कोपऱ्यावर पाववाला बेकरीच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकांशी मोठ्याने गप्पा मारत होता. पोरं शाळेला निघाली होती. पलीकडे स्टुडिओची पाटी दिसत होती, चार ढांगांवर असावी अशी आणि सात समुद्रांपलीकडे असावी अशी.

"परत बघ," ताई म्हणाली.

"हिरवी."

ती आत आली. पाणी प्यायली. पुन्हा दारात गेली. पुन्हा आत. बाबा टेबलाशी मान खाली घालून बसले होते, पण भिंग डोळ्याला नव्हतं, कपाळावर होतं. आई जिन्यात. सूर्य वर सरकत होता आणि मी दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन बघत होते, सुई हिरव्याच्या कडेला चालली होती. थोड्या वेळात पिवळी होणार, मग लाल, आणि या वेळी ते खरं असणार. मला वाटत होतं की सूर्याला खाली ओढून धरावं.

"ताई, काठावर आली गं."

"कळलं!" ती माझ्यावर खेकसली. छत्री उघडली, मिटली, उघडली.

तेव्हा चौकाच्या पलीकडे दार धाडकन उघडलं आणि बाई येताना दिसल्या. काळं कापड खांद्यावर, चाल अशी की कबुतरं आधीच बाजूला झाली. दुकानाच्या दारात येऊन त्यांनी ताईकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "एक अख्खा वर्ग स्टुडिओत केस विंचरून बसलाय आणि इथे हिचं अजून छत्री उघड, छत्री मीट चाललंय!"

"बाई, मला नाही जमत. सगळे बघतात."

"बघतात? बरं. माझी निम्मी हयात लोकांकडे बघण्यात गेली, पण मला कधी कुणी बघितलं नाही. का ते माहीत आहे?" असं म्हणून त्यांनी ते कापड असं काही उडवलं की क्षणात ताईचं डोकं, त्यांचं स्वतःचं डोकं, दोघींचे खांदे, सगळं त्याखाली गडप. "चल. माझ्या पायावर पाय देऊ नकोस. शेपूट, तू पुढे हो आणि खड्डा आला की ओरड."

आणि आम्ही निघालो. पुढे मी, हात पुढे करून, त्यात डबी, सवयीने. मागे चार पायांचं ते काळं गाठोडं, कधी डावीकडे कलणारं, कधी उजवीकडे. कापडाखालून कुजबुज येत होती: "डावा, अगं डावा!" "तुम्हीच उजवा टाकताय!" पोरं थांबली. एक सायकलवाला वळून बघता बघता फरशीवर पडता पडता राहिला. आणि पाववाल्याला तर पर्वणीच.

"अहो बाई!" तो बेकरीच्या दारातून गरजला. "आज कॅमेरा पायांनी निघाला की काय फिरायला?"

"हलू नका!" कापडातून बाई ओरडल्या. "फोटो हलेल!"

सगळा चौक हसला. आणि कापडाखालून मला एक हसू ऐकू आलं, जे मी तीन वर्षं ऐकलं नव्हतं. ताई हसायला लागली की तिला थांबता येत नसे, धाप लागायची. गाठोडं चौकाच्या मधोमध उभं राहून गदगदा हलत होतं.

"मला काढू नका हो फोटोत," पाववाला चेकाळला होता, "माझी चांगली बाजू पलीकडे आहे!"

तेव्हा कापडाची कड वर झाली आणि ताईचं डोकं बाहेर आलं. विस्कटलेले केस, घामेजलेला चेहरा, गालांवरचे ते डाग, सगळं भर उन्हात. "काका, तुमची चांगली बाजू राहू दे, तुमचा पाव जळतोय! वास इथवर आलाय!"

पाववाल्याने नाक वर केलं, "मेलो!" म्हणत आत धावला, आणि दारातूनच परत डोकं बाहेर काढलं. "कोण गं तू? अरे, घड्याळजींची थोरली! होतीस कुठे इतके दिवस? बापाला सांग, माझं भिंतीवरचं घड्याळ मी मेल्यावर देणार आहे का म्हणावं!" आणि पुन्हा पावाकडे पळाला.

एवढंच. ताई दोन क्षण तशीच उभी राहिली, जणू आणखी काहीतरी होणार होतं आणि ते झालंच नाही. मग तिने कापड बाईंच्या हातात दिलं, छत्री उघडली आणि उरलेला चौक चालत ओलांडला. मी डबीकडे बघितलं. सुई पिवळ्यात होती. "ताई, पिवळी!" मी म्हटलं. तिने मागे न बघता छत्री थोडी खाली केली.

दुकानाच्या दारात बाबा उभे होते. ते मान हलवत होते.

त्या गोष्टीला आता आयुष्य लोटलं. पाववाल्याला त्याचं घड्याळ जिवंतपणीच मिळालं, आणि ते त्याच्या नातवाच्या दुकानात अजून चालतं असं ऐकते. आई पुढे फार वर्षं जगली नाही. शेवटपर्यंत डबीला ती "ते डबडं" म्हणत असे आणि रोज विचारत असे, ते काय म्हणतंय. बाबांचे डोळे अधू झाल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, पण संध्याकाळी ते वर खिडकीत बसून सगळी घड्याळं ऐकत आणि कुठलं मागे पडलंय ते आवाजावरून सांगत.

फोटोवाल्या बाईंनी म्हातारपणी स्टुडिओ ताईच्या स्वाधीन केला आणि काळं कापड मात्र स्वतःबरोबर नेलं, त्यावर काही बोलू दिलं नाही. ताईचं दुखणं मधे दोनदा उलटलं. एकदा तर आम्ही आशा सोडली होती. दोन्ही वेळा ती उठली आणि कामाला लागली. तिने हजारो लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पेन्सिलीने काढले असतील. स्टुडिओच्या दारावर तिचा स्वतःचा मोठा फोटो लावला होता, त्याला तिने हात लावला नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "हा का नाही साफ केला?" ती म्हणायची, "वेळ झाला नाही." लग्न तिने केलं नाही. का नाही केलं हे मला विचारू नका, मी विचारलं होतं, तर तिने मला जिन्यावरून खाली पाठवलं, "जा, डबी बघून ये" म्हणून. तेव्हा मी दोन मुलांची आई होते. गेल्या वर्षी ती गेली.

मी हवामान खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या सुया वाचत राहिले. शून्य बघितल्याशिवाय कधी कुठली नोंद केली नाही, त्यामुळे हाताखालचे लोक वैतागायचे.

डबी माझ्याकडे आहे. ताईच्या सामानात पेन्सिलींबरोबर मिळाली. लाखेचा थेंब शाबूत आहे, एक चिरही नाही. सेल मात्र पुरता म्हातारा झालाय. गच्चीवर भर दुपारच्या उन्हात धरली तरी सुई हिरव्याबाहेर जात नाही. माझी नात म्हणते, फेकून दे आजी, ही खोटं बोलते. मी डबी तळहातांत झाकते, अंगठ्याशी फट ठेवते आणि तिला म्हणते, आधी अंधारात बघ. तिचं एका डोळ्याने बघून होतं आणि ती म्हणते, शून्य आहे की गं.